एक कप कॉफी आणि बसण्याची जागा

अमेरिकेच्या दक्षिण भागातील अटलांटा, नॅशव्हिल किंवा न्यू ऑर्लिन्ससारख्या शहरात आज वस्तीतल्या एखाद्या साध्याशा कॅफेत शिरले, की भिंतीवरच्या फळ्यावर थोड्याफार फरकाने तीच यादी दिसते. तळलेले चिकन, मक्याच्या भरड्याचे ग्रिट्स, लोणी घालून भाजलेली गुबगुबीत मऊ बिस्किटे (चहात बुडवायची ती ही नव्हेत), कॉलर्ड नावाची पालेभाजी, भेंडी घातलेला दाट गम्बो. आणि शेजारी एखाद्या विशिष्ट मळ्यातून आलेली, हलके भाजलेली, सावकाश पाणी ओतून गाळलेली कॉफी. तिला ‘स्पेशल्टी कॉफी’ म्हणतात. हा शब्दप्रयोग एर्ना क्नुटसेन या कॉफीव्यापारी स्त्रीने १९७४ मध्ये रूढ केला. कॉफीची ही ऐट जेमतेम पन्नास वर्षांची, ताटातले पदार्थ मात्र दोन-तीन शतकांचे.

या जेवणाला अमेरिकेत ‘कम्फर्ट फूड’ असे नाव आहे. जिवाला निवांत करणारे, घरची आठवण करून देणारे अन्न, असा त्याचा भावार्थ. त्याच्या इतिहासात मात्र निवांतपणा फार थोडा. ज्या हातांनी हे अन्न रांधले, त्याच हातांच्या माणसांना ते दुकानात बसून खाण्याची मुभा दक्षिणेतील बहुतेक ठिकाणी १९६० च्या दशकापर्यंत नव्हती. कुठे कायद्याने, कुठे नुसत्या रिवाजाने. आणि ती मुभा मिळवण्याच्या लढ्यातला एक निर्णायक प्रसंग घडला तो एक कप कॉफीवरून.

दिनांक १ फेब्रुवारी १९६०, सोमवार. नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ग्रीन्सबरो शहर. दुपारचे साडेचार वाजत आले होते. कृष्णवर्णीयांसाठीच्या कृषी व तंत्र महाविद्यालयात पहिल्या वर्षाला शिकणारे चार विद्यार्थी वुलवर्थच्या दुकानात शिरले. एझेल ब्लेअर, फ्रँकलिन मॅकेन, जोसेफ मॅकनील आणि डेव्हिड रिचमंड ही त्यांची नावे. वये सतरा ते एकोणीस. त्यांनी टूथपेस्टसारख्या किरकोळ वस्तू विकत घेतल्या, पावत्या जपून ठेवल्या, आणि मग ते दुकानातल्याच लंच काउंटरवर जाऊन बसले. प्रत्येकाने कॉफी मागितली. ‘तुम्हांला इथे देत नाही,’ अशा अर्थाचे उत्तर मिळाले. तेव्हा पावत्या पुढे आल्या. याच दुकानातल्या दुसऱ्या गल्ल्यावर आमचे पैसे चालतात, मग इथे का चालू नयेत, एवढाच प्रश्न. दुकान बंद होईपर्यंत चौघे बसून राहिले. कॉफी आली नाही.

वुलवर्थ ही १८७९ मध्ये सुरू झालेली, पाच-दहा सेंटांत वस्तू विकणारी प्रचंड साखळी. तिच्या दुकानांतले लंच काउंटर म्हणजे लांबलचक ओटा, त्यासमोर ओळीने मांडलेली स्टुले, आणि ओट्यापलीकडे सँडविच, पाय आणि कॉफी बनवणाऱ्या बायका. खरेदी करता करता माणसाने घटकाभर टेकावे, स्वस्तात काही खावे, चार शब्द बोलावे, अशी ही जागा. मुंबईच्या जीवनात इराण्याच्या हॉटेलाचे जे स्थान, तेच थोडेफार अमेरिकन गावातल्या या काउंटरचे. आणि याच कंपनीची उत्तरेतील दुकाने कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांना बिनदिक्कत वाढत असत. ‘स्थानिक रिवाज पाळतो’ ही कंपनीची भूमिका होती.

त्या दुपारच्या मॅकेन यांनी पुढे अनेकदा सांगितलेल्या आठवणींत काउंटरपाशी आलेल्या दोन स्त्रिया आहेत. एक वृद्ध गोरी बाई. ती जवळ आली तेव्हा आता शिव्या ऐकाव्या लागणार, असे मुलांना वाटले. पण तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हे दहा वर्षांपूर्वीच का केले नाही म्हणून खंत व्यक्त केली. दुसरी काउंटरमागे राबणारी कृष्णवर्णीय कामकरी स्त्री. तिने मात्र मुलांना खडसावले की तुमच्यासारख्या उपद्व्यापी पोरांमुळेच आपल्या लोकांचे भले होत नाही. चळवळीच्या गोष्टींत पहिली बाई हमखास येते. दुसरी कित्येकदा गळते. खरे तर समजून घ्यावी ती दुसरीच. मुलांना वसतिगृहात परत जायचे होते; तिला दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच ओट्यामागे उभे राहायचे होते.

ती ओट्यामागे कशी आली, याचा माग तिच्या हातच्या पदार्थांतूनच लागतो.

दक्षिणेचे ताट तीन खंडांनी मिळून वाढलेले आहे. मका मूळ अमेरिकन आदिवासींचा. ग्रिट्स आणि मक्याची भाकरवजा पोळी त्यांच्याकडून आली. डुकराचे मांस आणि गहू युरोपीयांनी आणला. आणि चवळी आफ्रिकेची. ती गुलामांच्या जहाजांबरोबर समुद्र ओलांडून आली. ‘गम्बो’ हा शब्दच मुळी मध्य आफ्रिकेतील बांटू भाषांमधला, भेंडीचे नाव असलेला. साउथ कॅरोलायनाच्या दलदलीत जी भातशेती फुलली आणि जिच्यावर तिथल्या मळेवाल्यांचे वाडे उभे राहिले, तिच्यामागेही पश्चिम आफ्रिकेतील भातउत्पादक प्रदेशांतून धरून आणलेल्या माणसांचे कसब होते. भेंडीची भाजी आणि चवळीची उसळ ज्यांच्या घरात आठवड्याला शिजते, त्या मराठी वाचकांना या ताटात परके असे फारसे काही वाटू नये.

मळ्यावरच्या वाड्याचे स्वयंपाकघर गुलाम स्त्रिया सांभाळत. पाककृती त्यांच्या, नाव मालकिणीचे. या नियमाला लवकर छेद देणारी एक स्त्री म्हणजे ॲबी फिशर. गुलामगिरीत जन्मलेली, लिहिता-वाचता न येणारी ही बाई मुक्तीनंतर सॅन फ्रान्सिस्कोत स्थायिक झाली आणि तिने १८८१ मध्ये जुन्या दक्षिणी पाककलेवर स्वतःच्या नावाने पुस्तक प्रसिद्ध केले. तिने सांगितले, इतरांनी लिहून घेतले.

यादवी युद्धानंतर मोकळ्या झालेल्या स्त्रियांपाशी जमीन नव्हती, भांडवल नव्हते. हाताला चव होती. व्हर्जिनियातील गॉर्डन्सव्हिल या जंक्शनवर गाडी थांबली की डोक्यावर ताटे घेतलेल्या कृष्णवर्णीय बायका फलाटावर धावत. त्या काळी गाडीत जेवणाचा डबा नसे. खिडकीतून तळलेल्या चिकनची तंगडी, बिस्किट, कॉफी प्रवाशांच्या हाती पडे. त्या व्यवसायावर कित्येकींनी स्वतःची घरे बांधली. पुढे त्याच तळलेल्या चिकनवरून कृष्णवर्णीयांची टवाळी करणारी व्यंगचित्रे गोऱ्या वर्तमानपत्रांत छापली गेली, हा या पदार्थाच्या नशिबाचा आणखी एक फेरा.

कॉफीचे पाणीही इतके निर्मळ नाही. न्यू ऑर्लिन्सच्या परंपरेत रोझ निको या गुलाम स्त्रीचे नाव सांगितले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती फ्रेंच मार्केटच्या परिसरात, रविवारच्या प्रार्थनेहून परतणाऱ्या लोकांना हातगाडीवरून कॉफी विकत असे आणि त्या कमाईतून तिने स्वतःचे स्वातंत्र्य विकत घेतले. तिच्या मागोमाग अनेक जणी या धंद्यात उतरल्या. आणि ज्या कॉफीतून ही सुटका विकत घेतली जात होती, ती बव्हंशी ब्राझील आणि कॅरिबियन बेटांकडच्या मळ्यांवर गुलामांनीच तोडलेली असे. ब्राझीलमधील गुलामगिरी संपली ती १८८८ मध्ये.

युद्धकाळात उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली तशी कॉफी दुर्मिळ झाली. दक्षिणेतले लोक भाजलेला मका, ओकची फळे, रताळी, एवढेच काय भेंडीच्या बियादेखील कुटून उकळून पाहू लागले. उत्तरेच्या शिपायाला मात्र वर्षाला सुमारे ३६ पौंड कॉफी शिध्यात मिळे, आणि लढाई थंडावली की दोन्ही बाजूंचे शिपाई चोरून तंबाखू आणि कॉफीची अदलाबदल करत. कॉफीत चिकोरी मिसळण्याची फ्रेंच सवय न्यू ऑर्लिन्समध्ये या टंचाईने घट्ट रुजली आणि आजही सुटलेली नाही. दक्षिण भारतीय फिल्टर कॉफीत हीच मुळी असते, त्यामुळे माटुंग्यात वाढलेल्या माणसाला न्यू ऑर्लिन्सची कॉफी पहिल्याच घोटात ओळखीची वाटावी.

गुलामगिरी गेली, पण १८९६ मध्ये प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘विभक्त परंतु समान’ हे तत्त्व मान्य केले आणि रेल्वेच्या डब्यापासून पाण्याच्या नळापर्यंत सर्वत्र रेघ ओढली गेली. खाणावळीत ही रेघ नेमकी ओट्यावरून जाई. ओट्यापलीकडे रांधणारे हात काळे चालत. ओट्याअलीकडे बसणारा देह चालत नसे. कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाने मागच्या दाराने यावे, कागदात बांधून घ्यावे आणि जावे.

या रेघेवर पहिला मोठा घाव बसला तो बसगाडीत. अलाबामातील मॉण्टगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांना १ डिसेंबर १९५५ रोजी अटक झाली आणि ५ डिसेंबरपासून शहरातील कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार घातला. तो ३८१ दिवस चालला. या बहिष्काराचे नेतृत्व मार्टिन ल्यूथर किंग यांनी केले, हे सर्वज्ञात आहे. बहिष्कारातील मोटारींच्या पेट्रोलचा खर्च कोण काढत होते, हे तितकेसे ज्ञात नाही.

त्यातला एक वाटा जॉर्जिया गिलमोर काढत होत्या. शहरातल्या एका गोऱ्यांच्या उपाहारगृहात त्या स्वयंपाकीण होत्या. अंगाने भक्कम, बोलण्यात फटकळ, पदरात मुले. बसवर त्यांचा वैयक्तिक राग होता. एकदा एका चालकाने त्यांच्याकडून भाडे घेतले, मागच्या दाराने चढायला सांगितले, आणि त्या खाली उतरून मागे पोहोचेपर्यंत गाडी हाकून तो निघून गेला. मार्च १९५६ मध्ये किंग यांच्यावर खटला चालला तेव्हा गिलमोर यांनी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून हे सारे सांगितले. साक्षीनंतर त्यांची नोकरी गेली.

किंग यांनी त्यांना घरीच स्वयंपाक करून विकण्याचा सल्ला दिला आणि सुरुवातीला पैशाचे साहाय्यही केले. गिलमोर यांच्या भोवती तत्पूर्वीच स्वयंपाकिणींचा एक गट जमला होता. तळलेले चिकन, सँडविचे, रताळ्याचे पाय, केक असे पदार्थ करून त्या केशकर्तनालयांत, टॅक्सीच्या अड्ड्यांवर, चर्चबाहेर विकत. गोरी गिऱ्हाइकेही विकत घेत. आपला पैसा कुठे जातो हे काहींना ठाऊक असे, काहींना नसे. गटाचे नाव ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’, म्हणजे ‘कुठलाच नसलेला क्लब’. पैसे कुठून आले असे कोणी विचारले तर उत्तर तयार: कुठूनच नाही. या नावात विनोद आहे तितकीच सावधगिरी. या बायका गोऱ्यांच्या घरी कामाला होत्या. एखादीचे नाव फुटले तर तिचीही नोकरी गेली असती. दर आठवड्याच्या सभेत गिलमोर उठून ‘कुठूनच नाही’ आलेली रक्कम जाहीर करत आणि सभागृह दणाणून जाई. त्या पैशातून बहिष्कारकर्त्यांना कामावर नेणाऱ्या मोटारी धावत.

गिलमोर यांचे स्वयंपाकघर पुढे वर्षानुवर्षे मॉण्टगोमेरीतील एक बिनपाटीचे कॅफेच होऊन बसले. जेवणाच्या टेबलाशी काळे-गोरे, पुढारी-कामगार दाटीवाटीने बसत. शहराच्या कोणत्याही खाणावळीत जे बेकायदा होते, ते एका बाईच्या घरात रोज दुपारी घडत होते.

मॉण्टगोमेरीच्या बहिष्काराची बातमी जगभर गेली, आणि ती नागपुरातही पोहोचली. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात तेव्हा जेम्स लॉसन नावाचे एक तरुण कृष्णवर्णीय अमेरिकन मेथडिस्ट कार्यकर्ते राहत होते. कोरियन युद्धासाठीची सक्तीची भरती नाकारल्याबद्दल तुरुंगवास भोगून ते १९५३ मध्ये येथे आले होते. विद्यार्थ्यांना खेळ शिकवावेत, त्यांच्या अडीअडचणी पाहाव्यात, आणि उरलेल्या वेळात गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास करावा, असा त्यांचा क्रम. डिसेंबर १९५५ मध्ये ‘नागपूर टाइम्स’ या वर्तमानपत्रात मॉण्टगोमेरीची बातमी त्यांनी वाचली. आपण हजारो मैलांवर येऊन ज्याचा अभ्यास करीत आहो, ते आपल्याच देशात घडू लागले आहे, हे कळल्यावर त्यांना झालेला आनंद त्यांनी पुढे अनेकदा सांगितला.

ज्या भूमीत लॉसन राहत होते, तिथे पाण्यावरून असाच लढा आधीच झाला होता. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोक पाणी प्यायला गेले, ते केवळ तहान भागवण्यासाठी गेले नव्हते. ग्रीन्सबरोचा कॉफीचा कप वाचताना मराठी वाचकाला महाड आठवणे स्वाभाविक आहे. मात्र लॉसन यांची प्रेरणा प्रामुख्याने गांधीजींची आणि ख्रिस्ती शांतिवादाची होती. दोन लढ्यांतले साम्य खरे असले तरी एकातून दुसरा निघाला, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही.

लॉसन १९५६ मध्ये मायदेशी परतले. पुढच्या वर्षी किंग यांची भेट झाली. तुमच्यासारख्या माणसाची आत्ताच दक्षिणेत गरज आहे, शिक्षण संपायची वाट पाहू नका, असा किंग यांचा आग्रह पडला. लॉसन टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे गेले, व्हँडरबिल्ट विद्यापीठात धर्मशास्त्र शिकू लागले, आणि एका चर्चच्या तळघरात त्यांनी विद्यार्थ्यांसाठी अभ्यासवर्ग चालू केले. डायान नॅश, जॉन लुईस, जेम्स बेव्हेल, बर्नार्ड लाफायेट ही पुढे गाजलेली नावे त्याच वर्गातली.

या तळघरात काय चाले? नाटकाच्या तालमी. खुर्च्या ओळीने मांडून त्यांचा लंच काउंटर केला जाई. काही विद्यार्थी गोऱ्या गुंडांची भूमिका घेत. शिव्या देत, तोंडावर सिगारेटचा धूर सोडत, खुर्चीवरून खेचत. उरलेल्यांनी शांत बसायचे. डोके आणि पोट कसे वाचवायचे, साथीदाराला मार बसत असताना हात न उगारता मध्ये कसे यायचे, याचा सराव महिनोन्‌महिने होई. नागपुरात वाचलेला सत्याग्रह येथे अंगवळणी पाडला जात होता. १९५९ च्या अखेरीस त्यांनी शहरातील दोन मोठ्या दुकानांत चाचपणीही करून पाहिली.

त्यामुळे ग्रीन्सबरोच्या चौघांची बातमी आली तेव्हा नॅशव्हिल तयारच होते. १३ फेब्रुवारी १९६० रोजी शंभराहून अधिक विद्यार्थी उत्तम कपडे घालून, पुस्तके घेऊन शहराच्या मध्यभागातील काउंटरांवर जाऊन बसले. त्यांच्यासाठी नियम लिहून काढलेले होते: उलट मारू नका, शिवीला शिवी देऊ नका, हसू नका, ताठ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा. २७ फेब्रुवारीला गुंड चालून आले. विद्यार्थ्यांना स्टुलांवरून ओढून मारण्यात आले. पोलिसांनी अटक केली ती मार खाणाऱ्यांना, ऐंशीच्या आसपास. स्टुले रिकामी झाली की पुढची तुकडी येऊन बसे. न्यायालयाने दंड ठोठावला, तो न भरता अनेकांनी तुरुंग पत्करला. लॉसन यांना विद्यापीठाने काढून टाकले. निषेध म्हणून प्राध्यापकांनी राजीनामे दिले. शहरातील कृष्णवर्णीयांनी ऐन ईस्टरच्या हंगामात बाजारावर बहिष्कार घातला.

१९ एप्रिलच्या पहाटे विद्यार्थ्यांचे वकील झेड. अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बाँब पडला. त्याच दिवशी हजारोंचा मूक मोर्चा न्यायालयाकडे निघाला. पायऱ्यांवर महापौर बेन वेस्ट उभे होते. डायान नॅश यांनी त्यांना सरळ विचारले, केवळ वर्णावरून माणसामाणसांत भेद करणे तुम्हांला चूक वाटते का? वेस्ट यांनी होय म्हटले. १० मे रोजी नॅशव्हिलच्या सहा काउंटरांवर कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांना प्रथमच वाढण्यात आले. तोवर अशा बैठकांचे लोण तेरा राज्यांत पसरले होते. ही सारी धडपड एका हॅम्बर्गरहून मोठ्या गोष्टीसाठी आहे, हे या विद्यार्थ्यांना बजावून त्यांची स्वतंत्र संघटना उभी करण्यात एला बेकर यांचा मोठा वाटा होता.

ग्रीन्सबरोचे वुलवर्थ २५ जुलै १९६० रोजी नमले. तोवर दुकानाचे सुमारे दोन लाख डॉलरचे नुकसान झाले होते. व्यवस्थापकाने मात्र गाजावाजा टाळण्याची खबरदारी घेतली. काउंटरवर बसवण्यासाठी बाहेरचे गिऱ्हाईक न बोलावता त्याने दुकानातल्याच कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना घरून चांगले कपडे आणायला सांगितले. त्यांत जिनिव्हा टिसडेल होत्या. कित्येक वर्षे त्या याच काउंटरवर काम करीत होत्या. त्यांनी कामाचा गणवेश उतरवला, स्वतःचा पोशाख घातला, आणि ज्या ओट्याच्या एका बाजूला त्या आजवर उभ्या होत्या त्याच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसल्या. मागवले काय, तर अंड्याचे सँडविच. त्यातले सारण त्यांच्याच हातचे होते.

मोठ्या साखळ्यांना नमवणे तुलनेने सोपे होते, कारण त्यांना उत्तरेतही धंदा करायचा होता. वस्तीतल्या लहान खाणावळींचा प्रश्न निराळा.

त्यांत काही खाणावळी पहिल्यापासून लढ्याच्या बाजूला होत्या. न्यू ऑर्लिन्सच्या ट्रेमे या जुन्या कृष्णवर्णीय वस्तीत १९४१ मध्ये सुरू झालेले ‘डूकी चेज’ त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. आरंभी सँडविचे आणि लॉटरीची तिकिटे विकणारे कोपऱ्यावरचे दुकान. १९४६ मध्ये लिआ ही तरुणी सून म्हणून त्या घरात आली. लग्नाआधी फ्रेंच क्वार्टरमधील गोऱ्यांच्या हॉटेलांत तिने वाढपिणीचे काम केले होते. जेवण वाढता येते, पण आपण तिथे बसू शकत नाही, अशी ती जागा. मात्र पांढरी चादर, नीट मांडलेले काटे-चमचे, अदबीने विचारणारा वाढपी हे सारे तिने पाहून ठेवले. ते आपल्या वस्तीतल्या माणसालाही मिळाले पाहिजे, हा ध्यास तिने सासरच्या दुकानात आणला.

लिआ चेज यांच्या गम्बोभोवती पुढच्या दशकांत सारे न्यू ऑर्लिन्स जमले. वरच्या मजल्यावरच्या खोलीत वकील, धर्मगुरू आणि विद्यार्थी यांच्या बैठका होत. थर्गुड मार्शल आले, किंग आले, ‘फ्रीडम रायडर्स’ आले. काळ्या-गोऱ्यांनी एकत्र बसून खाणे कायद्याने मना असताना येथे ते राजरोस चालत होते. पोलिसांनी कधी धाड घातली नाही. एवढ्या लोकप्रिय जागेला हात लावला तर शहर पेटेल, ही धास्ती असावी. दुकानावर बाँब मात्र फेकला गेला. दुकान चालू राहिले.

दुसऱ्या टोकाला बर्मिंगहॅममधील ‘ऑलीज बार्बेक्यू’. १९२० च्या दशकापासून चाललेले मॅकक्लंग कुटुंबाचे हे उपाहारगृह भाजलेल्या मांसासाठी आणि पायसाठी प्रसिद्ध होते. आत सुमारे २२० जणांची सोय, ३६ कर्मचारी, त्यांतले सुमारे दोन-तृतीयांश कृष्णवर्णीय. बसून जेवण्याची परवानगी फक्त गोऱ्यांना. इतरांनी बांधून न्यावे. २ जुलै १९६४ रोजी नागरी हक्कांचा कायदा झाला आणि उपाहारगृहांतील वर्णभेद बेकायदा ठरला. मॅकक्लंग न्यायालयात गेले. आमचे दुकान स्थानिक, गिऱ्हाईक स्थानिक, महामार्गाशी आमचा संबंध नाही. संघराज्याच्या संसदेला येथे बोलण्याचा अधिकार काय, असा त्यांचा युक्तिवाद.

सर्वोच्च न्यायालयाने हिशेबाची वही पाहिली. आदल्या वर्षी दुकानाने सुमारे दीड लाख डॉलरचा माल घेतला होता, त्यातले ४६ टक्के म्हणजे ६९,६८३ डॉलरचे मांस स्थानिक व्यापाऱ्याकडून आले होते, आणि त्या व्यापाऱ्याने ते परराज्यांतून आणले होते. आंतरराज्य व्यापारावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार राज्यघटनेने संसदेला दिलेलाच आहे. १४ डिसेंबर १९६४ रोजी निकाल एकमताने मॅकक्लंग यांच्या विरोधात गेला. माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न अखेर मांसाच्या बिलावर सुटावा, हे अनेकांना खटकले, आजही खटकते. पण त्या बिलामुळे कायदा वस्तीतल्या लहानात लहान खाणावळीपर्यंत पोहोचला, हेही खरे.

जॉर्जिया गिलमोर मार्च १९९० मध्ये वारल्या. सेल्मा ते मॉण्टगोमेरी मोर्चाच्या पंचविसाव्या वर्षानिमित्त येणाऱ्या लोकांसाठी त्या स्वयंपाक करीत होत्या. सांत्वनाला आलेल्यांना घरच्यांनी तेच अन्न वाढले. ज्या व्हँडरबिल्टने लॉसन यांना काढले होते, त्याच विद्यापीठाने पुढे त्यांना सन्मानाने अध्यापनासाठी बोलावले. वयाच्या ९५ व्या वर्षी, जून २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. ग्रीन्सबरोच्या त्या दुकानात १ फेब्रुवारी २०१० पासून नागरी हक्कांचे संग्रहालय आहे, आणि काउंटरचा एक तुकडा वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

लिआ चेज यांच्या वाट्याला आणखी एक संकट यायचे होते. ऑगस्ट २००५ च्या कतरिना चक्रीवादळात ट्रेमे पाण्याखाली गेले आणि डूकी चेजही. लिआ तेव्हा ८२ वर्षांच्या होत्या. त्या आणि त्यांचे पती दुकानासमोर सरकारने दिलेल्या ट्रेलरमध्ये राहिले, आणि २००७ मध्ये दुकान पुन्हा उघडले. डिस्नेच्या २००९ च्या चित्रपटातील स्वयंपाकात निपुण राजकन्या टियाना हिच्यामागची प्रेरणा याच बाई.

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारी, त्या ‘गम्बो झेर्ब’ करीत. तो महाराष्ट्रातील ऋषिपंचमीच्या भाजीचा दूरचा भाऊच म्हणावा असा आहे: नऊ प्रकारचा पाला एकत्र शिजवायचा. पाल्यांची संख्या विषमच हवी, असा तिथला संकेत आहे. लिआ बाई १ जून २०१९ रोजी ९६ व्या वर्षी गेल्या. पवित्र गुरुवारी डूकी चेजमध्ये हा गम्बो आजही होतो, आणि त्यासाठी टेबल फार आधी राखून ठेवावे लागते.